कर्ण्यांतला पाऊस

कॅसेटच्या पाठीवर दोन खाचा असतात, त्यांतल्या डावीकडच्या खाचेत कागदाचा एक बोळा — पिवळा पडलेला, दाबून कोंबलेला, एसटीच्या तिकिटाचा असावा, कारण नखानं जरा उचकटला की पुसट आकडे दिसतात — आणि भागूचा अंगठा सकाळपासून त्याच बोळ्यावर फिरत होता. खिशात हात गेला की अंगठा तिथंच. काढायचा म्हटलं तर पंधरा वर्षांत कधीही निघाला असता. पण खाच उघडी पडली की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. ऋषीनं हा बोळा कोंबला, म्हणूनच तर त्याला भरता आलं... बापाच्या काकड्याच्या अभंगांवर.

"हॅलो... हॅलो. माईक टेस्टिंग. एक, दोन, तीन."

आवाज ओढ्यापलीकडच्या उसावर आपटून परत आला. दोन बॉक्स, झाडाला बांधलेला एक कर्णा, एक माईक प्रवचनाच्या महाराजांना, एक भाषणवाल्यांना — दशक्रियेला एवढं पुष्कळ होतं. अवसरीच्या या घाटावर भागूनं आजवर कितीतरी दशक्रियांना स्पीकर लावला होता. कुणी रडायला लागलं की आवाज किती खाली आणायचा, पुढारी उभा राहिला की माईक कुठं धरला तर शिट्टी मारतो, सगळं पाठ. आणि वीस वर्षांत या माईकमध्ये तो स्वतः काय बोलला, तर हॅलो आणि एक-दोन-तीन. तीनच्या पुढं कधी गेला नाही. बोलायचं दुसऱ्यांनी, आपण पोचवायचं. बरा धंदा आहे, तोंड उघडावं लागत नाही.

पण आज हौशीरामबाबांची दशक्रिया होती, आणि त्यांचा मुलगा ऋषी पंधरा वर्षांनी गावात आला होता, आणि त्याला पंधरा वर्षं गावाबाहेर ठेवणारी गोष्ट भागूच्या खिशात होती. नुसती कॅसेट नव्हे. कॅसेट ही तर वस्तू. ती त्या पहाटे देवळावरच्या कर्ण्यांतून कशी वाजली ते भागूला माहीत होतं. चुकून वाजली, असं गाव धरून चाललं होतं. चुकून वाजली नव्हती. भागूनं लावली होती, जाणूनबुजून. तेराव्यानंतर ऋषी आईला घेऊन पुण्याला जाणार, घराला कुलूप लागणार, मग सांगायला समोर माणूसच उरणार नाही... सांगून टाकावं. सकाळी सहापासून तो हेच घोकत होता. सांगावं, नाहीतर ही कॅसेट ओढ्यात भिरकावून मोकळं व्हावं. मोकळं म्हणे! वा रे भागू.

ऋषी न्हाव्यासमोर मान खाली घालून बसला होता. बापापायी हे डोकं न्हाव्यापुढं वाकायची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला केस खांद्याच्या खाली होते, काळेभोर. आता कानामागचे चार पांढरे-काळे झुबके तेवढे गुडघ्यावर पडत होते. भागू वायर सोडवायच्या निमित्तानं उगाच जवळ गेला. वायर कुठं अडकलेली नव्हती.

"भागू ना? ओळखलंच नाही बघ."

"व्हय. आवाज कमीजास्त वाटला तर सांग." — हे बोलायला आला होता का तो? हे?

"अजून स्पीकरच?"

"स्पीकरच." मग धीर करून, "आन् तू? ऐकतूस का अजून... ते?"

"कुठलं?" ऋषीनं मान वर केली, न्हाव्यानं ती पुन्हा खाली दाबली. "अरे, ते होय! छे रे. कंपनीत दिवस जातो. गाडीत बातम्या लावतो."

बातम्या! भागूला रागच आला. राग कशाचा, ते त्याला नीट कळेना. ज्यानं आणून माझ्या कानात घातलं त्यानं खुशाल विसरून जायचं, गाडीत बातम्या लावायच्या, आणि मी... मी अजून पिठाच्या गिरणीत डबा घेऊन उभा राहिलो तरी पट्ट्याच्या आवाजात तेच तीन सूर शोधतो. पहिला खाली, दुसरा त्याचाच वरचा, आणि तिसरा — जिथं उतरू नये नेमका तिथं उतरलेला. मग वाट बघायची. मग पुन्हा तेच.

एक्याण्णवच्या दिवाळीत ऋषी इंजिनीअरिंगच्या होस्टेलवरून आला होता, केस वाढवून. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत दोघं बसले, भागूचा टेप कडब्याच्या पेंढीवर ठेवला. कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते म्हणून बापाच्या 'काकड्याचे अभंग – भाग दुसरा'वर भरून आणलंय, ऋषी म्हणाला होता, बाबा कुठं दुसऱ्या भागापर्यंत जातात! याला हेवी मेटल म्हणतात. मेटल म्हणजे भागूच्या लेखी रस्त्यावर पसरायची खडी. ऋषी हसला नाही. विलायतेतल्या एका कारखान्यांच्या गावात चार पोरं होती, त्यांची ही पहिली तबकडी, एका दिवसात भरलेली. याच्याआधी जगात असं काही नव्हतं आणि यानंतर जे जे आलं ते याच्याच पोटातून आलं. गिटार वाजवणाऱ्याची दोन बोटं कारखान्यातल्या यंत्रात टोकाला तुटलेली, तरी बोटांना घरी केलेल्या टोप्या घालून वाजवतो. बरं बरं, भागू म्हणाला, लाव की. आणि पाऊस लागला. बाहेर लख्ख ऊन, आणि खोलीत पाऊस, लांबवर गडगडाट, कुठंतरी घंटा... आणि मग ते सूर आले तेव्हा भागू पेंढीवरून उठून उभाच राहिला. भीती वाटली. आणि ती भीती संपू नये असंही वाटलं. लग्नाच्या वरातीत, यात्रेत, पुढाऱ्याच्या सभेत तो जे काही वाजवत होता ते सगळं एका क्षणात फाटक्या कागदासारखं झालं. सगळी घाईची गाणी, लोकांना हसवायच्या मागं लागलेली. हे कुणाच्याच मागं लागलेलं नव्हतं.

पुढं डॉल्बीचं वेड आलं, छातीत हादरे बसले पाहिजेत म्हणून पोरं भांडायला लागली, तेव्हा भागू मनात हसायचा. बाळांनो, हा हादरा मी मोटारीच्या खोलीत बसून खाल्लाय, दोन सेलच्या टेपवर. स्वतःचे बॉक्स तो स्वतः ठोकायचा, जाड फळीचे, आतून गोधडी लावून, आणि प्रत्येक नवा बॉक्स झाला की दुकानाचं दार लोटून तोच पाऊस लावून बघायचा. जमलं की नाही ते त्या तिसऱ्या सुरावर कळायचं. खरं सांगायचं तर मंचरला दुकान उभं राहिलं ते या कॅसेटवर. ऋषीचं शिक्षण गेलं तेही हिच्यावरच.

प्रवचन सुरू झालं. भागूनं आवाज एका काट्यानं वर घेतला आणि मशीनमागं जाऊन बसला. पलीकडं बायकांत साळुबाई, ऋषीची आई, पदर ओढून बसली होती. उजवं मनगट मांडीवर वाकडं. तिकडं बघायचं नाही असं ठरवलं की नजर बरोबर तिथंच जाते.

ब्याण्णवचा सप्ता. चैत्र. गावात सगळ्यांचा कांदा काढून शेतात पडलेला, पात वाळायला. सप्त्याचे पुढारी हौशीरामबाबा. पखवाजही तेच वाजवायचे. पहिला दिवस, पहाटेचे पाच, माणसं यायच्या आधी गाव जागं करायला काकड्याची कॅसेट लावायची हे भागूचं काम. बाबांनी आपल्या हातानं दोन कॅसेटी दिल्या होत्या. त्यांतल्या दुसऱ्या भागात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं, ऋषीनं गुपचूप ती जागेवर नेऊन ठेवलेली. भागूला माहीत होतं. देवळाच्या शिखराजवळ चार दिशांना चार कर्णे. मोटारीच्या खोलीत ज्यानं उठून उभं केलं ते चार कर्ण्यांतून, उघड्या माळावर कसं वाजेल... एवढंच. दुसरा काही हेतू नव्हता, देवाशपथ. पाऊस आणि घंटा तेवढी ऐकायची आणि सूर यायच्या आधी बंद करायचं. देवळात घंटा वाजली तर कुणाचं काय बिघडतंय?

पाऊस लागला आणि चारी दिशांना बॅटऱ्या पेटल्या. आधी एक, मग दहा. मग माणसं ओरडायला लागली — वळीव आला, कांदा भिजतोय, कागद काढा, ताडपत्री काढा! अंधारात आख्खं गाव शेताकडं पळत सुटलं, आभाळात चांदण्या असताना. भागूला हसू फुटलं, पोट धरून हसला तो. बंद करायचं होतं. हात बटनावर होता. आणि मग ते सूर चार कर्ण्यांतून सुटले, माळावर गेले, डोंगरावरून परत आले, आणि तो हात बटनावर तसाच राहिला... मी दाबलं नाही. दाबता येत होतं. मला ऐकायचं होतं.

साळुबाई ताडपत्री घेऊन पळताना वाफ्याच्या बांधावरून पडली, मनगट मोडलं. उजाडल्यावर देवळापुढं सगळे गोळा झाले. भागू म्हणाला, "लेबल काकड्याचं व्हतं. मला काय ठावं आत काय भरलंय?" एवढी दोन वाक्यं. खोटं बोलायला किती कमी शब्द लागतात. बाबांनी न्हाव्याला बोलावलं, देवळाच्या पायरीवर सप्त्याला आलेल्या ऋषीचे केस उतरवले, आणि म्हणाले, "माझ्या दारात पाय ठिवू नगस." ऋषी भागूकडं बघत होता. भागूचं नाव त्यानं घेतलं नाही. भरली तर त्यानंच होती. दुपारच्या एसटीनं गेला, होस्टेलचे पैसे बंद झाले, शिक्षण सुटलं. त्यानंतर आईला भेटायचा तो मंचरच्या स्टँडवर, कधीमधी. पायरीखाली पडलेली कॅसेट भागूनं उचलली आणि कुणी विचारलं नाही.

घाटावर पिंड ठेवला होता. माणसं मागं सरली, मोकळी जागा केली. शेडच्या पत्र्यावर तीन कावळे होते, एक खाली उतरून पिंडापासून हातभर अंतरावर चालत होता, मान वाकडी करून बघत होता, आणि परत वर जात होता. पाच मिनिटं झाली. दहा. लोक चुळबुळ करायला लागले.

बाबांचे धाकटे भाऊ गेणभाऊ माईकपाशी आले, हात जोडले. "दादा, सप्ता बंद पडू देणार न्हाई. सबूद देतो."

कावळा हलला नाही.

साळुबाई बसल्या जागेवरून बोलली, "मी लेकाकडं ऱ्हाईन. माझी काळजी नगा करू आता."

नाहीच. कुणी म्हणालं पखवाजात जीव अडकला असेल, तो आणून ठेवा. कुणी म्हणालं विहिरीचं खोदकाम अर्धवट राहिलंय. भागू मशीनमागं बसून ऐकत होता आणि त्याच्या मनात एकच... मला माहीत आहे. यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे बाबांना काय हवंय.

कारण अठ्ठ्याण्णव साली एका बाजाराच्या दिवशी बाबा दुकानात आले होते, मेथीच्या जुड्यांची रिकामी पाटी दाराशी ठेवून. "ती कॅसेट हाये का रं तुज्यापाशी?" भागूनं खणाकडं हात नेला. हाये म्हणाला. "लाव. बारीक आवाजात." पहिल्या दिवशी घंटेपर्यंतच ऐकली आणि हात वर केला, बास. पुढच्या बाजाराला थोडं जास्त. वर्षभरात एक बाजू पुरी ऐकायला लागले, स्टुलावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटं हळूच ताल धरायची. "ह्याला घाई न्हाई," एकदा म्हणाले. "पखवाजावर असं थांबाया मला जलमात जमलं न्हाई." भागूनं तुटलेल्या बोटांची गोष्ट सांगितली, ऋषीनं सांगितली होती तशी. बाबांनी स्वतःची बोटं उलटीसुलटी करून बघितली. "आन् तरी वाजवायचं थांबला न्हाई म्हन." रिकामी पाटी काखेत घेतली. मग, "कुनाला बोलू नगस मी येतो ते." नऊ वर्षं. पोराला जे घेऊन गेलं ते काय आहे, एवढं बघायला म्हातारा नऊ वर्षं येत राहिला, आणि पोराला एक चिठ्ठी टाकली नाही. आणि पोरगा गाडीत बातम्या लावतो.

"ऋषी, तू बोल," गेणभाऊ म्हणाले. "तुज्यासाठी थांबला आसल तो."

"मी काय बोलू काका?"

"माफी माग बापाची. त्या सप्त्याची."

भागूनं मान वर केली. कुणीतरी माईक ऋषीच्या तोंडापुढं धरला होता. तासलेलं डोकं, ओलं धोतर, पोट सुटलेला चाळिशीकडं आलेला माणूस. त्यानं हात जोडले. "बाबा... त्या पहाटेचं... माझी चूक झाली. माझ्यामुळं आईचा हात गेला. मला माफ करा." आणि ते भागूच्या माईकमधून, भागूच्या मशीनमधून, भागूनं गोधडी लावून ठोकलेल्या बॉक्समधून स्वच्छ बाहेर पडलं, एक अक्षरही न फाटता, आणि उसावर जाऊन परत आलं. माझी चूक झाली. माझी चूक झाली.

बायकांत हुंदका फुटला. कावळा पत्र्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "आता दर्भाचा करू," म्हणाले, आणि खाली बसून दर्भाच्या काड्या जुळवायला लागले. काड्यांचा कावळा बांधायचा, त्याच्याच चोचीनं पिंडाला शिवायचं, आणि सगळ्यांनी समजायचं की झालं. दोन मिनिटांचं काम.

भागूनं कॅसेट खिशातून काढली आणि टेपमध्ये सारली. लावतो. बाबांना पाऊस ऐकवतो, चांगल्या बॉक्सवर, मोकळ्या हवेत. मग जे व्हायचं ते होऊ दे. बोट बटनावर ठेवलं... आणि बोटाखाली तीच जुनी गुदगुली. त्या पहाटेची. कसं वाजेल. हे बॉक्स, हा ओढा, समोरचा ऊस, आणि तो तिसरा सूर... अरे, हे तर मलाच हवंय! आजही मलाच.

बोट तिथंच ठेवून तो लेबलाकडं बघत राहिला. टेपच्या काचेतून बाबांचं वळणदार अक्षर दिसत होतं. भाग दुसरा. आणि मग ते आठवलं, खरं तर कधी विसरलंच नव्हतं, नुसतं बाजूला सारलेलं. दुकानात एकदा कॅसेट संपल्यावर बाबांनी ती हातात घेतली होती, लेबल वाचलं होतं, आणि भागूकडं न बघता म्हणाले होते, "सप्त्याच्या पयल्या दिशी काकड्याला पयला भाग लावत्यात. दुसरा न्हाई."

"अंधार व्हता बाबा," भागू म्हणाला होता.

"व्हता. अंधार व्हता." आणि कॅसेट परत दिली. पुढच्या बाजारीही आले, त्याच्या पुढच्याही. दरवेळी कॅसेट संपली, टेप खटकन बंद पडला, की उठायचे नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहायचे, भागूच्या तोंडाकडं बघत. मग विचारायचे, "निघू का मी?" भागू म्हणायचा, निघा. गेल्या महिन्यातही म्हणाला होता, निघा बाबा, ऊन होईल.

म्हणजे नऊ वर्षं ते स्टुलावर बसून... कॅसेट ऐकत होते? का मला? त्यांना कळलं होतं, आणि तरी दारातनं हाकलला तो मुलगा परत बोलवायला त्यांना माझ्या तोंडचं एक वाक्य हवं होतं; ते त्यांच्यानं मागवत नव्हतं, माझ्यानं देववत नव्हतं. की हे सगळं मीच आज रचतोय, दर्भाच्या काड्यांसारखं जुळवतोय, स्वतःला महत्त्व यावं म्हणून? कळायला आता मार्ग नाही. विचारायला माणूस नाही. पण ते बसून राहायचे, हे खरं. निघू का विचारायचे, हेही खरं.

गुरुजी दोऱ्याची गाठ मारत होते. ऋषी पिंडापुढं तसाच उभा होता, हात जोडलेले, आपण आणखी काय चुकलो असू ते आठवत असल्यासारखा.

भागूनं कॅसेट बाहेर काढली. खाचेतला बोळा नखानं उचकटला, निघाला, सहज निघाला, आणि खाली वायरींत पडला. तो उठला. मशीनपासून माईकपर्यंत पंधरा पावलं. रोज वायर अंथरणारा माणूस, त्याला ती आज मोजून चालावी लागली. गेणभाऊंना वाटलं माईक बिघडला, ते बाजूला झाले. ऋषीनं वळून बघितलं, पंधरा वर्षांपूर्वी पायरीवरून बघितलं होतं तसंच. भागूच्या आत सकाळपासून नव्हे, कितीतरी वर्षांपासून जे एकसारखं गरगरत होतं ते एका जागी येऊन थांबलं होतं, त्या दोन सुरांच्या मधल्या जागेसारखं.

माईक त्यानं तोंडाशी धरला. सवयीनं 'हॅलो' जिभेवर आलं, ते गिळलं. नुसता श्वास कर्ण्यातून बाहेर पडला, उसावर आपटून परत आला, आणि तो आपलाच आहे हे ओळखायला भागूला क्षणभर वेळ लागला.